पेटीतली उर्दू

आमच्या शेताचे सातबाऱ्याच्या आधीचे सगळे कागद उर्दूत आहेत आणि मी निवृत्त होईपर्यंत घरातल्या एकालाही ते वाचता येत नव्हते. मामंजींना यायचे. त्यांचे शिक्षण निजामाच्या काळात नांदेडच्या सरकारी शाळेत उर्दूतून झालेले. ते गेले आणि ती लोखंडी पेटी मुकी झाली. दर दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून खाली यायची, फडक्याने पुसून पुन्हा वर जायची. आतल्या पिवळ्या कागदांना हात लावायचा नाही, एवढा एकच नियम सगळे पाळत होते. नांदेड-लातूरकडे ज्यांच्या घरी चार पिढ्यांची शेती आहे, त्यांच्याकडे अशी पेटी, नाहीतर जुन्या लुगड्यात बांधलेले गाठोडे हमखास सापडते.

२०१९ साली जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. बरोबरच्या बायकांपैकी कुणी योगवर्ग धरला, कुणी भजनी मंडळ, कुणी नातवंडे सांभाळायला पुण्याला गेल्या. जिला जे रुचले ते तिने केले. माझ्या मनात मात्र ही पेटी होती. आमचे हे कृषी खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "वकिलाकडून वाचून घेऊ की, एवढी यातायात कशाला?" पण वकील आपल्याला हवा तो सर्वे नंबर बघतो आणि बाकीचा कागद मिटून ठेवतो. मला बाकीचाच कागद वाचायचा होता.

हे कागद उर्दूत का, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. हैदराबाद संस्थानाचा कारभार आधी फारसीत चालायचा. १८८४ साली फारसीच्या जागी उर्दू आली. संस्थानात मराठी बोलणारे सुमारे चौथाई, तेलुगू त्याहून कितीतरी जास्त, कानडी वेगळे. उर्दू ज्यांच्या घरची भाषा होती असे लोक थोडे. तरी कचेरी उर्दू, कोर्ट उर्दू, पोलीस उर्दू. खालचे वर्ग मराठीत झाले की पुढची शाळा उर्दूत. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तिथे विज्ञान आणि कायदासुद्धा उर्दूतून शिकवत. त्यासाठी आदल्याच वर्षी 'दारूल तर्जुमा' नावाचे भाषांतराचे खाते काढले होते आणि इंग्रजी ग्रंथ भराभर उर्दूत येत होते. हिंदुस्थानी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा एवढा मोठा प्रयत्न त्या काळात दुसरीकडे झाला नाही, हे मान्य करावेच लागते. पण नांदेड, बीड, परभणीच्या पोराला त्यासाठी आपली भाषा चौथीतच दाराबाहेर ठेवावी लागली. खानगी शाळा काढायला परवानगी लागे, सभा घ्यायलाही परवानगी लागे. सभांवर बंधने घालणाऱ्या ५३ नंबरच्या गश्तीचे, म्हणजे परिपत्रकाचे, नाव जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी अखेरपर्यंत होते. १९३८ साली उस्मानियात वंदे मातरम् म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकले; ते विद्यार्थी याच सगळ्या रागातून पेटले होते.

या जुलमी व्यवस्थेतून एक विलक्षण पिढी मात्र तयार झाली. घरात मराठी, सावकाराच्या आणि कुळकर्ण्याच्या वहीत मोडी, कचेरीत उर्दू आणि शिकला तर इंग्रजी. निजामाविरुद्धची पत्रके मराठीत लिहिणारा माणूस तहसीलदाराकडे अर्ज अस्खलित उर्दूत करायचा. निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हे या पिढीचे सर्वांत मोठे नाव. हैदराबाद सरकारच्या नोकरीत असताना त्यांनी आदिलाबादकडे गोंडी आणि कोलामी या भाषा शिकून घेतल्या. फारसीच्या बळावर मोगल दरबारची बातमीपत्रे मराठीत आणली, उर्दू कवींची ओळख मराठी वाचकाला करून दिली. नोकरीनंतरही त्यांची लेखणी थांबली नाही. १९९२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. निलंगा माझे माहेर, म्हणून त्यांचे नाव लहानपणापासून कानावर आहे.

मामंजी काही पगडी नव्हते. पण गावातल्या कुणाची पेशी असली की अर्ज लिहायला त्यांच्याकडे यायचे. ओसरीवर बसून ते उजवीकडून डावीकडे भराभर लिहीत. लग्नानंतर मी हे स्वतः पाहिले आहे. तेव्हा अर्ज कुठले, पण हिशेबाची टिपणे ते उर्दूतच करत. तरीही त्यांनी आपल्या चारही मुलांना ही लिपी शिकवली नाही. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाले, "त्या दिवसांचं काही नको." १९४७-४८ ची ती धग होती. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या भीतीने सरहद्दीवरची घरेच्या घरे संस्थानाबाहेर निघून गेली होती, त्यात आमचेही होते. १७ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शनने संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे कारभार मराठी झाला. ज्या भाषेतून अपमान सोसला ती मुलांना का शिकवावी? त्यांचे म्हणणे मला पटते. पण कागद राहिले, आणि त्यांत अपमानाखेरीज आमच्या घराचे सारे आयुष्यही होते.

उर्दू मला शिकवली ती देगलूर नाक्याजवळ राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने. उर्दू शाळेतल्या बाईंना सगळे 'आपा' म्हणतात, मीही आपाच म्हणते; त्या मला 'मॅडम' म्हणतात. छापील अक्षरे लवकर आली. पहिलीचे पुस्तक, मग पाचवीचे, मग वर्तमानपत्राचे मथळे. पेटीतला कागद उघडला तेव्हा मात्र आपाही गप्प झाल्या. कचेरीतले लिखाण शिकस्ता वळणाचे: नुक्ते गाळलेले, अक्षरे एकमेकांत अडकवलेली, ओळ शेवटाला वर चढलेली. रकमा तर आकड्यांत नसतातच. त्यांच्या वेगळ्या खुणा, ज्यांना 'रकमी' म्हणतात, त्या जुने मुनीम सोडले तर कुणाला कळत नाहीत. आपांच्या ओळखीचे एक म्हातारे अर्जनवीस होते, त्यांनी आम्हा दोघींना त्या खुणा शिकवल्या.

पुढे जे घडले ते मला फार महत्त्वाचे वाटते. उर्दूत ळ नाही, ण नाही, ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. एका कागदावर आपांनी 'माल' वाचले. कचेरीच्या भाषेत माल म्हणजे महसूल, त्यामुळे वाक्य जुळेना. मी म्हटले, "आपा, हे माळ आहे. ओढ्यापलीकडचा आमचा माळ." लगेच पुढची सगळी ओळ सुटली: माळ, पूर्वेला ओढा, पश्चिमेला गायरान. आपा शब्द वाचायच्या, मी नावे ओळखायची. नुसती उर्दू येणाऱ्याला हे कागद अर्धेच वाचता येतात आणि नुसता शेतकरी ते वाचूच शकत नाही. मराठवाड्याचा जुना कागद नीट वाचायचा तर दोन घरची माणसे एका सतरंजीवर बसायला हवीत.

तारखांची एक किल्ली मात्र प्रत्येकाने पाठ करावी. कागदावर फसली, म्हणजे महसुली, साल असते आणि महिने फारसी. साल ऑक्टोबरात सुरू व्हायचे: आझूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. आझूरपासून डिसेंबर संपेपर्यंत फसलीत ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढे ५९१, की इसवी सन येतो. खुर्दाद १३४६ म्हणजे एप्रिल १९३७. पोलीस ॲक्शन झाली तो महिना आबान १३५७.

त्या खुर्दाद १३४६ च्या पावतीनेच आमच्या घरातली एक समजूत मोडली. तळहातापेक्षा थोडा मोठा, कडा झिजलेला कागद. वर मौजा, तालुका, जिल्हा. मग सर्वे नंबर, रकबा, म्हणजे क्षेत्र, एकर आणि गुंठ्यांत. त्याखाली भरलेला धारा, हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या नाण्यात. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, हा तेव्हाचा भाव. भरणाऱ्याच्या रकान्यात 'बेवा', म्हणजे विधवा, आणि पुढे माझ्या आजेसासूबाईंचे नाव. खाली सही नाही, जांभळ्या शाईचा अंगठा, इतका स्पष्ट की रेषा मोजता याव्यात. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले की आजेसासरे अकाली गेल्यावर शेत चुलत्यांनी राखले. पेटीतल्या पावत्या लागोपाठ लावल्या, तर साल बदलते, पटवाऱ्याचे अक्षर बदलते, अंगठा तोच. त्यात दुष्काळी सालची सूट मागणारा एक अर्जही आहे, तोही त्यांच्याच नावाने. शेत त्या बाईने राखले. तिला घरात सगळे 'मोठी आई' म्हणायचे. तिचे खरे नाव माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत नव्हते.

त्या रविवारी जेवणे झाल्यावर मी सगळ्या पावत्या मोठ्याने वाचून दाखवल्या. धाकट्या जाऊबाई रडल्या. थोरले दीर बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे मराठीत लिहून काढा. सगळ्यांकडे एकेक प्रत राहू द्या." तेव्हापासून हेच माझे काम झाले आहे. सकाळचा चहा, पूजा आटोपली की टेबलावर भिंग आणि कागद. हे भाजी निवडून देतात आणि मधूनच विचारतात, "आज काय निघालं?" पुण्याचा नातू फोनवर फसलीची बेरीज माझ्याआधी करतो.

आता शेजारीपाजारीही गाठोडी घेऊन येतात. त्यांच्याकडून एक गोष्ट कळली, ती लातूरकरांनी विशेष ध्यानात ठेवावी. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादमधून, म्हणजे आताच्या धाराशिवमधून, निघाला, हे सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून लोक जुनी दफ्तरे उस्मानाबादला शोधतात. पण उदगीर, अहमदपूर आणि निलंगा १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. माझ्या माहेरच्या प्रत्येक कागदावर 'जिल्हा बीदर' आहे. माझे काका कित्येक वर्षे चुकीच्या गावी खेटे घालत राहिले. उलट नांदेड जिल्ह्यातला मुधोळ तालुका तेव्हाच आदिलाबादकडे गेला, म्हणून तिकडच्या सोयऱ्यांच्या जुन्या कागदांवर जिल्हा नांदेड असतो. संस्थानाच्या वरिष्ठ कचेऱ्यांची दफ्तरे हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहेत.

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीमुळे न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाडाभर निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा एकाएकी सगळ्यांना उर्दू आणि मोडी वाचणारे हवे झाले. आरक्षणाच्या प्रश्नावर ज्याचे त्याचे मत असेल. मला त्यातून एवढे दिसले की पाऊणशे वर्षांपूर्वी गावोगावी मराठी घरांतून जी विद्या होती, तिचे जाणकार शोधत फिरण्याची वेळ सरकारवर आली. इनामाचे मुंतखब (मंजुरीचे दाखले), कुळांच्या नोंदी, वाटणीपत्रे, सगळे त्याच लिपीत आहे. वाचणारा नसला की माणूस कुणाच्याही तोंडच्या भाषांतरावर विश्वास ठेवतो, आणि त्यातून भावाभावांत कोर्टकज्जे होतात.

निवृत्त माणसाकडे यासाठी लागणारी प्रत्येक गोष्ट असते: वेळ, गावाची आठवण, नातेगोते आणि जुन्या शेतांची नावे. त्यामुळे माझी विनंती माझ्या वयाच्या लोकांनाच आहे. पेटी खाली काढा. कागद ऊन नसलेल्या जागी उलगडा, लॅमिनेशन अजिबात करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा आणि मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका. मोडी असेल तर पुराभिलेख संचालनालयाचे प्रशिक्षण वर्ग असतात, तिथे नाव घाला. उर्दू असेल तर जवळच्या उर्दू शाळेत जाऊन विचारा. शिकवायला आनंदाने तयार होणारी एखादी आपा किंवा एखादे सर तिथे नक्की भेटतील. आणि शिकस्ता वाचणारे जे कुणी म्हातारे तुमच्या तालुक्यात उरले असतील, त्यांच्याकडे याच महिन्यात जा. आम्हाला रकमी शिकवणारे अर्जनवीस गेल्या वर्षी वारले.