वर्डमध्ये प्रबंध लिहिताय? मग आधी ‘स्टाइल्स’ समजून घ्या

दोनशे पानांचा प्रबंध तयार आहे, अनुक्रमणिका हाताने टाइप केली आहे आणि मार्गदर्शक म्हणतात, ‘दुसऱ्या प्रकरणात एक आकृती वाढवा.’ तेवढ्याने पुढचे सगळे पृष्ठक्रमांक सरकतात. आकृती ८ ची ९ होते, ९ ची १०. मजकुरात जिथे जिथे ‘आकृती ८ पाहा’ लिहिले आहे, तेही शोधून बदलावे लागते. हे काम नेमके बायंडिंगच्या आदल्या रात्री निघते.

एमएस वर्ड हे सगळे स्वतः करू शकते. मोफत मिळणारे लिब्रेऑफिस रायटरही करते. फक्त कोणती ओळ शीर्षक आहे हे त्याला सांगावे लागते, आणि बहुतेकांचे तिथेच अडते. ओळ निवडून अक्षरे १८ ची आणि ठळक केली की आपल्याला ते शीर्षक दिसते. वर्डच्या लेखी मात्र तो मोठ्या अक्षरांतला साधा परिच्छेदच असतो.

त्याऐवजी होम टॅबमधल्या स्टाइल्समधून प्रकरणाच्या नावाला ‘हेडिंग १’, मुद्द्याला ‘हेडिंग २’ आणि उपमुद्द्याला ‘हेडिंग ३’ लावा. वर्डचा ठरलेला निळा रंग आवडत नसेल तर एकेक शीर्षक रंगवत बसू नका. स्टाइलच्या नावावर राइट क्लिक करून ‘मॉडिफाय’ निवडा, सगळी शीर्षके एकदम बदलतील. मग रेफरन्सेस टॅबमधून ‘टेबल ऑफ कंटेंट्स’ घातले की अनुक्रमणिका तयार. मजकूर बदलल्यावर तिच्यावर राइट क्लिक करून ‘अपडेट फील्ड’ करायचे. शिवाय व्ह्यू टॅबमध्ये ‘नॅव्हिगेशन पेन’ सुरू केले, तर डावीकडे शीर्षकांची यादी दिसते. त्यातले शीर्षक माउसने ओढून वरखाली केले की त्याखालचा सगळा मजकूर सोबत हलतो. चाळीस पानांचे प्रकरण कट-पेस्ट करणाऱ्याला याची किंमत कळेल!

मराठी मजकुराची खास अडचण

वर्ड इंग्रजी आणि देवनागरीचा फाँट वेगवेगळा लक्षात ठेवते. स्टाइल बदलूनही मराठी अक्षरे तशीच राहिली, तर ‘मॉडिफाय’मध्ये फॉरमॅट, मग फाँट असे जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या भागात फाँट आणि आकार ठरवा. मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल तर आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्या. जुन्या फाँटमधले मराठी संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतात. अनुक्रमणिकेच्या स्टाइलचा फाँट वेगळा असला की तिथे शीर्षकांऐवजी अगम्य अक्षरे उमटतात.

आकृत्या, तक्ते आणि पृष्ठक्रमांक

आकृतीवर राइट क्लिक करून ‘इन्सर्ट कॅप्शन’ निवडा. ‘न्यू लेबल’मध्ये ‘आकृती’ किंवा ‘तक्ता’ असे मराठी लेबलही करता येते. मजकुरात आकडा टाइप न करता रेफरन्सेसमधला ‘क्रॉस-रेफरन्स’ वापरा. हे आकडे दर वेळी आपोआप बदलतीलच असे नाही. कंट्रोल आणि ए दाबून सगळे निवडा आणि एफ ९ दाबा. एखादे कॅप्शन पुसले गेले असेल तर संदर्भाच्या जागी ‘एरर’ने सुरू होणारा इंग्रजी संदेश येतो. प्रिंटआधी तो शब्द शोधून पाहावा, नाहीतर तसाच छापला जातो.

प्रस्तावनेच्या पानांना रोमन आकडे आणि प्रकरणांना १ पासून क्रमांक हवे असतील तर सेक्शन ब्रेक लागतो. पहिल्या प्रकरणाच्या सुरुवातीला कर्सर ठेवून लेआउट, ब्रेक्स, ‘नेक्स्ट पेज’ असे करा. मग दोन्ही भागांत ‘फॉरमॅट पेज नंबर्स’मधून आकड्यांचा प्रकार निवडा, आणि प्रकरणांच्या भागात ‘स्टार्ट ॲट’ १ ठेवा. वरच्या पट्टीत प्रत्येक प्रकरणाचे नाव हवे असेल तर दर प्रकरणाआधी असाच ब्रेक द्या आणि नाव लिहिण्यापूर्वी ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करा. नाहीतर तेच नाव मागच्या प्रकरणावरही चढते. आडवा तक्ता असलेले एकच पान आडवे करायलाही सेक्शन ब्रेकच कामी येतो, मात्र तो त्या पानाच्या आधी आणि नंतर असा दोनदा द्यावा लागतो.

झेरॉक्सच्या दुकानात वर्डची फाइल नेऊ नका, पीडीएफ न्या. पान कुठे संपते हे वर्ड ज्या-त्या संगणकावर नव्याने ठरवते. तिथे तुमचा फाँट नसेल तर पाने सरकतात आणि अनुक्रमणिकेतले आकडे चुकतात.