बहारच्या महिन्यांतली राख

वऱ्हाडात उन्हाळ्याच्या धुळीचे कुणाला नवल नाही. परंतु १९५४ नंतरच्या दहा वर्षांत चैत्र-वैशाखात गच्चीवर झोपून अमरावती-अकोल्याच्या माणसांनी जी हवा घेतली, तीत पॅसिफिक महासागरातल्या आणि सोव्हिएत आर्क्टिकमधल्या बॉम्बची राखही होती.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्ब फोडला. २ एप्रिलला पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली. नुसत्या मागणीवर ते थांबले नाहीत. त्यांच्या सांगण्यावरून दौलतसिंह कोठारींनी अणुस्फोटांच्या परिणामांवर ग्रंथ सिद्ध केला. १९५६ च्या त्या ग्रंथात होमी भाभा आणि मुंबईचे कर्करोगतज्ज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांचाही हात होता. त्याच दशकात ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी हवा गाळून राख मोजायला घेतली.

या राखेलाही ऋतू असतात. मोठ्या बॉम्बचा ढग थेट स्ट्रॅटोस्फिअरमध्ये जातो. तिथे पाऊस नाही, म्हणून राख वर्ष-वर्ष तरंगत राहते. हिवाळा सरताना वरची हवा खालच्या हवेत मिसळते आणि राख उतरते. उर्दूत आपण ज्याला बहार म्हणतो, नेमक्या त्याच महिन्यांत!

मग मृग लागतो. मोसमी वारे दक्षिण गोलार्धातून समुद्रावरून येतात. बहुतेक मोठे स्फोट उत्तरेत झाले, त्यामुळे ती हवा मुळातच स्वच्छ. वरून पाऊस तिला धुतो. हवा निवळते खरी, पण धुतलेली राख जाते कुठे? कपाशीच्या नि ज्वारीच्या रानात. पाऊस जास्त तिथे राख जास्त, म्हणजे अकोल्यापेक्षा चिखलदऱ्याला अधिक. स्ट्रॉन्शियम-९० तर कॅल्शियमच्या वाटेने चाऱ्यातून दुधात आणि दुधातून लेकरांच्या हाडांत शिरते.

वाचकांना भिववण्याचा आमचा हेतू नाही. १९६३ हे सर्वांत वाईट वर्ष. तेव्हाही जगातल्या माणसाला या राखेचा सरासरी डोस सुमारे ०.११ मिलिसिव्हर्ट होता. निसर्गाकडून दरवर्षी सुमारे २.४ मिळतोच. पण निसर्गाला विचारता येत नाही. बॉम्बवाल्यांनी विचारायला हवे होते, आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कुणीच विचारले नाही.

ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्को करार झाला, भारताने लगेच सही केली, आणि पुढच्या काही वर्षांत राख घटत गेली. फ्रान्स व चीन मात्र करारात आले नाहीत. चीनने १६ ऑक्टोबर १९८० पर्यंत हवेत स्फोट केले. सीझियम-१३७ तीस वर्षांत निम्मे होते. १९६३ च्या पावसाने आणलेल्यापैकी सुमारे चौथा हिस्सा अजून शिल्लक आहे.