खेळाची नांदी आणि वाळूचे घड्याळ

संगणकावरील खेळांविषयीच्या लेखाला या पत्रिकेत जागा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी हे खेळ पाहिले ते मुलांच्या किंवा नातवंडांच्या खांद्यावरून, आणि तेही बहुधा ‘आता पुरे’ असे सांगण्यासाठी. परंतु ज्या घरांत संगीत नाटकाची नांदी अजूनही कोणीतरी गुणगुणते, त्या घरांना या खेळांतील एक भाग परका वाटू नये. खेळ हाती येण्यापूर्वी पडद्यावर एक छोटेसे चलच्चित्र उलगडते आणि खेळणाऱ्याला त्याच्या खोलीतून उचलून भलत्याच मुलखात नेऊन उभे करते. त्या प्रारंभदृश्याचा हा थोडका इतिहास आहे.

नांदीशी त्याचे साम्य आहे, तसा एक मोठा भेदही आहे. नांदी संपल्यावर प्रेक्षक प्रेक्षकच राहतो. त्याने आपल्या खुर्चीत बसून रडावे, हसावे, इतकीच अपेक्षा असते. इथे मात्र प्रारंभदृश्य संपते न संपते तोच त्या प्रेक्षकालाच रंगमंचावर ढकलले जाते. आतापर्यंत जे पाहिले त्याचे ओझे आता त्याच्या खांद्यावर असते. ते ओझे खरोखर खांद्यावर येते की नाही, यावरच प्रारंभदृश्याचे यश ठरते, असे माझे मत आहे.

या प्रकाराचा जन्म अर्थातच कलेच्या पोटी झाला नाही. तो दुकानदारीत झाला. १९७० च्या दशकात नाणे टाकून खेळायची यंत्रे उपाहारगृहांत व करमणुकीच्या दालनांत उभी असत. कोणी खेळत नसताना यंत्राने स्वस्थ बसणे मालकाला परवडणारे नव्हते. म्हणून त्या वेळात यंत्र आपले आपणच काही दाखवत राही. जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली रचलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ मध्ये एक गमतीदार प्रसंग आहे. पडद्यावर ‘प्ले’ हा इंग्रजी शब्द उमटतो, पण त्यातले ‘वाय’ हे अक्षर उलटे असते. मग परग्रहावरचा एक चिमुकला शत्रू सरपटत येतो, ते अक्षर ओढून नेतो आणि सुलटे करून आणून बसवतो. एवढेच. पण रस्त्याने जाणारा माणूस थबकावा आणि त्याचा हात खिशाकडे जावा, यासाठी एवढे पुरेसे असे. फेरीवाल्याच्या आरोळीचेच हे यांत्रिक रूप म्हणता येईल.

तीनच वर्षांनी, १९८१ मध्ये, शिगेरू मियामोतो यांनी ‘डाँकी काँग’ या खेळात याच काही क्षणांना कथेचे काम दिले. एक अवाढव्य वानर एका तरुणीला घेऊन शिडीवरून वर चढते, माथ्यावर पोचताच धपाधप उड्या मारते आणि तोवर सरळ असलेल्या लोखंडी तुळया त्या धक्क्यांनी तिरप्या होतात. पुढे खेळणाऱ्याला याच तिरप्या तुळयांवरून घरंगळत येणारी पिंपे चुकवत वर जायचे असते. अपहरण कोणी केले, सुटका कोणाची करायची आणि रणभूमी अशी वाकडी का, या तीनही प्रश्नांची उत्तरे एकही शब्द न वापरता मिळून जातात.

या इतिहासात मला अधिक रेंगाळावेसे वाटते ते जॉर्डन मेकनर या अमेरिकन रचनाकारापाशी. येल विद्यापीठात शिकत असताना, चित्रपटांच्या नादाने झपाटलेल्या या तरुणाने ‘अॅपल टू’ या घरगुती संगणकासाठी ‘कराटेका’ हा खेळ एकट्याने लिहिला. तो १९८४ साली प्रसिद्ध झाला. हा संगणक म्हणजे काय साधन होते, हे आज सांगूनही खरे वाटणार नाही. स्मृती ४८ किलोबाइट. चकतीच्या एका बाजूवर १४० किलोबाइट मावणार; आजच्या मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रही त्यात बसायचे नाही. ध्वनिक्षेपकाची प्रत्येक कंपने मुख्य प्रक्रियकालाच घडवावी लागत, त्यामुळे एकाच वेळी चित्र हलवणे आणि सूर वाजवणे फार अवघड होते.

मेकनरने या अडचणींवर मूकपटाच्या रीतीने मात केली. आपल्या कराटे शिक्षकाचे सुपर-८ फिल्मवर चित्रण करून, एकेक चौकट गिरवून, त्याने माणसांना माणसासारखी चाल दिली. हालचाल आणि सूर त्याने बहुधा आळीपाळीने आणले: पात्र थांबते, चार सूर वाजतात, पात्र पुन्हा हलते. हे सूर त्याच्या वडिलांनी, मानसशास्त्रज्ञ आणि पियानोवादक फ्रान्सिस मेकनर यांनी रचलेले. प्रारंभदृश्यात दुष्ट सरदार अकुमा बोटाने इशारा करतो, पहारेकरी राजकन्या मारिकोला कोठडीत लोटतात, ती जमिनीवर कोसळते. तिकडे नायक कड्यावरून चढून वर येतो. तिकडची कोठडी आणि इकडचा कडा, अशी दृश्यांची गुंफण चित्रपटाला जुनी होती, पण घरगुती संगणकाच्या पडद्यावर नवी. (जाता जाता: शेवटी राजकन्येसमोर लढाईच्याच पवित्र्यात गेले, तर ती एका लाथेत नायकाचा निकाल लावते. आरंभी तिची दुर्बलता पाहून विरघळलेल्या खेळाडूची याहून चांगली थट्टा मी पाहिलेली नाही.)

‘कराटेका’ चे प्रारंभदृश्य सुंदर खरे, पण ते आणि खेळ यांचे नाते अजून सैल होते. कैदेतली राजकन्या मनात राहते. लढताना मात्र तिच्यामुळे हातात काही बदल होत नाही. हा दुवा मेकनरला सापडला तो १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मध्ये. १९९० च्या दशकात ज्यांच्या घरी किंवा शाळेत काळ्या पडद्याचा डॉस संगणक होता, त्यांना पांढऱ्या वेषातला, तळघरांतून धावणारा तो राजपुत्र आठवत असेल. त्याचे धावणे आणि उडी मारणे हे मेकनरच्या धाकट्या भावाचे, डेव्हिडचे. त्याची तलवारबाजी १९३८ च्या रॉबिन हूडवरील चित्रपटातल्या द्वंद्वावरून गिरवलेली.

आरंभी राजकन्या आपल्या महालात एकटी आहे. सुलतान दूरदेशी युद्धावर गेला आहे आणि वजीर जाफर याने सत्ता बळकावली आहे. दार उघडते, जाफर आत येतो, राजकन्या दचकून मागे सरते. तो हात उंचावतो आणि दोघांच्या मध्ये वाळूचे एक घड्याळ प्रकट होते. आपल्याशी विवाह किंवा मृत्यू. निवड करायला अवधी एक तास. जाफर निघून जातो, वाळू झरू लागते.

आणि तो तास खरा असतो. खेळणाऱ्याला बारा पातळ्या ओलांडण्यासाठी भिंतीवरच्या घड्याळाची साठ मिनिटेच मिळतात. राजपुत्र काट्यांवर पडून मेला तर ती पातळी पुन्हा खेळता येते, परंतु गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. अधूनमधून खेळ थांबतो, महाल पुन्हा दिसतो, घड्याळाच्या वरच्या भागातली वाळू उतरलेली असते. ज्याने आरंभीचे दृश्य उतावळेपणाने कळ दाबून टाळले, त्यालाही त्यातून सुटका नाही. भीती पाहिली राजकन्येच्या डोळ्यांनी, पण ती आता खेळणाऱ्याच्या बोटांत उतरलेली असते.

१९९१ मध्ये फ्रान्सच्या एरिक शाई यांनी ‘अनदर वर्ल्ड’ मध्ये हाच धागा वेगळ्या तऱ्हेने विणला. वादळी रात्री एक शास्त्रज्ञ मोटारीने प्रयोगशाळेत येतो, कणांच्या प्रयोगावर वीज कोसळते आणि तो परक्या जगातल्या खोल पाण्यात फेकला जातो. दृश्य संपले, हे सांगायला कोणी येत नाही. खेळणारा पाहतच राहिला तर नायक तिथेच मरतो.

पुढे कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि चणचण सरली. एका डिस्कवर ६५० मेगाबाइट, म्हणजे मेकनरच्या चकतीच्या साडेचार हजार पटींहून अधिक. श्रीमंती आली की जे होते ते झाले. अनेक खेळांच्या आरंभी लांबलचक, झगमगीत चित्रफिती बसल्या. त्यांतले चेहरे प्रत्यक्ष खेळातल्या ठोकळेबाज चेहऱ्यांशी जुळत नसत, आणि खेळणारी मुले त्या वगळण्याची कळ आधी शोधत. सन्माननीय अपवाद होतेच. १९९७ चा ‘फायनल फँटसी सेव्हन’ एका फुलवालीच्या चेहऱ्यापासून मागे सरत सरत अख्खे महानगर दाखवतो आणि पुन्हा खाली झेपावून ज्या आगगाडीवर थांबतो, तिच्यातूनच नायक उतरतो. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ ने तर वेगळे प्रारंभदृश्यच नाकारले. नायक कामावर जाणाऱ्या डब्यात उभा असतो आणि बाहेरचे प्रचंड संशोधनकेंद्र खेळणाऱ्याने हव्या त्या खिडकीतून पाहावे.

मेकनर मात्र वाळूकडेच परतला. माँट्रियलच्या युबिसॉफ्टबरोबर त्याने रचलेला ‘द सँड्स ऑफ टाइम’ २००३ साली आला, आणि त्याचा आरंभ चक्क हिंदुस्थानात होतो. राजपुत्र रात्री एका सज्जातून, वाऱ्याने हलणाऱ्या पडद्यांतून आत येतो आणि समोरच्या कोणाला तरी गोष्ट सांगू लागतो. गोष्ट अशी, की त्याच्या वडिलांच्या सैन्याने एका महाराजाच्या राजवाड्यावर हल्ला केला, लुटीत वाळूचे एक विशाल घड्याळ नेले, महाराजाची कन्या फराह हिला बंदी केले, आणि वजिराच्या बोलण्याला भुलून राजपुत्राने ते घड्याळ उघडले. वाळू सुटली, माणसांचे राक्षस झाले.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी कथा ज्यांनी लहानपणी वाचल्या, त्यांना गोष्टीत गोष्ट सांगण्याची ही रीत लगेच ओळखू येईल. शहरजादी जीव वाचवण्यासाठी गोष्ट सांगते. इथे खेळणाऱ्याच्या चुकीने राजपुत्र दरीत कोसळला, की निवेदन करणारा त्याचाच आवाज स्वतःला दुरुस्त करतो: छे, असे घडले नव्हते, पुन्हा सांगतो. खेळातला मृत्यू ही कथेकऱ्याची चूक ठरते. १९८९ मध्ये गेलेले मिनिट परत येत नव्हते. इथे हातातल्या खंजिरातली वाळू काही क्षण मागे नेऊ शकते, पण ती मोजकीच असते.

ऐकणारे कोण आहे, हे आरंभी सांगितलेले नसते. कित्येक तास खेळून झाल्यावर काळ उलटा फिरतो आणि आपण त्याच रात्री, त्याच सज्जात परत येतो. राजवाडा महाराजाचा आहे, हल्ला अजून व्हायचा आहे, आणि समोर फराह बसली आहे. तिच्या लेखी यातले काहीच घडलेले नाही. राजपुत्राला ती प्रथमच पाहते आहे.