स्पॅनिश संकेतार्थाची दोन रूपे
स्पॅनिश भाषेत भूतकाळातील इच्छा, शंका किंवा न घडलेली अट सांगणाऱ्या संकेतार्थाला आजही दोन रूपे आहेत. 'लाबार्से', म्हणजे अंग धुणे, या क्रियापदाची ती 'से लाबारा' आणि 'से लाबासे' अशी होतात. यांपैकी 'से' हे आत्मवाचक सर्वनाम, म्हणजे क्रिया कर्त्याकडेच वळवणारे पद होय.

'लाबासे' हे लॅटिनच्या पूर्ण भूतकाळी संकेतार्थापासून आले, तर 'लाबारा' हे साध्या पूर्ण भूतकाळापासून, आणि म्हणूनच मध्ययुगीन कॅस्टिलियनमध्ये, म्हणजे त्या काळच्या स्पॅनिशमध्ये, त्याचा अर्थ 'धुतले होते' असा निखळ विधानाचा होता. अटीच्या वाक्यांत वारंवार येऊन ते हळूहळू संकेतार्थी बनले, आणि पुढे त्याने 'लाबासे'लाच मागे सारले. लॅटिन अमेरिकेत आज जवळजवळ सर्वत्र त्याचेच राज्य आहे. सख्ख्या शेजारच्या पोर्तुगीजने मात्र 'रा'-रूपाचा जुना अर्थ लेखी भाषेत जपला.

सर्वनामाची जागाही बदलली. जुन्या कॅस्टिलियनमध्ये दुर्बल, म्हणजे आघातहीन, सर्वनाम वाक्यारंभी येत नसे, ते क्रियापदाच्या शेपटीला चिकटे. त्यामुळे 'लाबासेसे' असे काहीसे गमतीदार रूप तयार होई, ज्यातील पहिला 'से' प्रत्यय आणि दुसरा सर्वनाम असून दोहोंचा व्युत्पत्तीने काहीही संबंध नाही. पुढे रूप चालवलेल्या क्रियापदाआधी सर्वनाम ठेवण्याची रीत स्थिरावली, तरी मूळ क्रियारूप व होकारार्थी आज्ञार्थ यांना ते अजूनही मागूनच जोडले जाते.

'रा'-रूपाचा मूळ अर्थ स्पॅनिशमधूनही पुरता गेलेला नाही. वृत्तपत्री आणि अलंकारिक गद्यात तो अधूनमधून डोकावतो, आणि व्याकरणकार त्यावर नाके मुरडतात.