तीव्र ल्युकेमियाचे औषधोपचार : एक ऐतिहासिक तुलना

तीव्र ल्युकेमियाच्या औषधोपचारांचा इतिहास सामान्यतः बोस्टन येथील सिडनी फार्बर ह्यांच्यापासून सांगितला जातो. परंतु त्याचा एक धागा मुंबईतून निघालेला आहे. लूसी विल्स ह्या इंग्लिश संशोधिका १९२८ साली मुंबईस आल्या व त्यांनी तेथील गरीब गर्भवती स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा विकार बरा होतो, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. येल्लाप्रगडा सुब्बाराव ह्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी ते कृत्रिम रीतीने तयार केले व त्याच्या कार्यास विरोध करणारे ॲमिनोप्टेरिनही सिद्ध केले. रक्तपेशींच्या वाढीस जे द्रव्य अवश्य, त्याचीच वाट अडवावयाची, हे ह्या औषधाचे तत्त्व होय. १९४८ साली फार्बर ह्यांनी १६ बालकांपैकी १० जणांस त्याने तात्पुरता उतार पडल्याचे नमूद केले.

प्रौढांच्या बाबतीत पुढे दोन भिन्न पद्धती रूढ झाल्या. लिंफॉइड प्रकारात अनेक औषधे क्रमाक्रमाने देऊन, नंतर दोन वर्षांच्या सुमारास मर्कॅप्टोप्युरीन व मेथोट्रेक्सेट चालू ठेवावयाचे, अशी दीर्घ योजना असते. मायलॉइड प्रकारात १९७३ पासून सात दिवस सायटॅराबीन व तीन दिवस डॉनोरुबिसीन ही अल्पकालीन पण तीव्र योजना प्रमाण मानली गेली. तिच्यात अस्थिमज्जा काही आठवडे जवळजवळ रिकामी होते. त्या अवधीत रक्तस्राव व जंतुसंसर्ग ह्यांपासून रुग्णास जपावे लागते. वृद्धांस हा भार पुष्कळदा पेलत नाही.

म्हणून केवळ औषधांच्या तीव्रतेवरून पद्धतींची तुलना करणे अपुरे ठरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने आखलेली एमसीपी-८४१ ही योजना मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, चेन्नई व दिल्ली येथे बालकांसाठी व तरुणांसाठी अवलंबिली गेली. पूर्वीच्या मानाने जगणाऱ्यांचे प्रमाण तिने वाढविले. तथापि औषधयोजना एकच असूनही तिन्ही ठिकाणचे फलित सारखे नव्हते. उलटपक्षी, प्रोमायलोसायटिक ह्या उपप्रकारात सौम्य मार्गच सरस ठरला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत, फारसा धोका नसलेल्या प्रौढांत, ट्रेटिनॉइन व आर्सेनिक घेणारे ९७ टक्के रुग्ण दोन वर्षे निर्विघ्न राहिले. ट्रेटिनॉइनसह रूढ रासायनिक औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते.

ह्या इतिहासाचा बोध नाशिकसारख्या जिल्ह्यास विशेष लागू पडतो. येथे १९९८ साली आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. परंतु खेड्यातील रुग्णाच्या दृष्टीने निर्णायक प्रश्न हाच, की रोगाचा नेमका उपप्रकार वेळेवर ओळखला जाईल काय, आणि मज्जा रिक्त असताना रक्त, प्रतिजैविके व शुश्रूषा जवळ मिळतील काय. ह्यांची उत्तरे मिळाल्याखेरीज कोणती पद्धती श्रेष्ठ, हे ठरविता येत नाही.