झोपलेल्या कुत्र्याची साक्ष

कुत्रा कुशीवर पडलेला असतो. आधी मिशांजवळचं कातडं थरथरतं, मग अर्धवट मिटल्या पापण्यांआड बुबुळं इकडून तिकडे सरकू लागतात, पुढच्या पंजांची बोटं आखडतात, सुटतात, आणि बंद तोंडातून गाल फुगवत एक दबलेलं भुंकणं बाहेर पडतं. पाहणारा कोणत्याही मुलखातला असो, ‘स्वप्न पडलंय त्याला’ असंच म्हणतो. ॲरिस्टॉटलही हेच म्हणाला होता. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्राण्यांवर लिहिलेल्या ग्रंथात त्याने घोडे, बैल, मेंढ्या, शेळ्या आणि कुत्रे स्वप्नं पाहत असावेत अशी नोंद केली, आणि कुत्र्यांपुरता पुरावा दिला तो झोपेतल्या भुंकण्याचा. पुढची तेवीसशे वर्षं हाच पुरावा हातोहात फिरत राहिला. त्यात भर अशी फारशी पडलीच नाही. निष्कर्ष बरोबर होता आणि पुरावा कच्चा होता, असं माझं म्हणणं आहे. कुत्र्याचे पाय आणखी निरखून तो पक्का होणार नव्हता. झोपेत पाय का हलतात, हा प्रश्न सोडून ते इतके कमी का हलतात हे कुणीतरी विचारायला हवं होतं.

हा पुरावा सर्वांत रंगवून मांडला तो ल्युक्रेशियस या रोमन कवीने, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात. विश्वाच्या घडणीवरच्या त्याच्या दीर्घकाव्याच्या चौथ्या भागात झोपेत धापा टाकणारे शर्यतीचे घोडे आहेत आणि हवा हुंगत पाय झाडणारे शिकारी कुत्रे आहेत. जाग आल्यावरही हे कुत्रे काही क्षण न दिसणाऱ्या हरणामागे धावत राहतात, मग भ्रम ओसरतो. घरात वाढलेली पिल्लं तर अनोळखी चेहरा दिसल्यासारखी दचकून उठतात. वर्णन इतकं नेमकं आहे की या माणसाने कुत्र्यांच्या सोबतीत बराच वेळ काढला असणार याबद्दल शंका राहत नाही. पण त्याला कुत्र्यांविषयी काही सिद्ध करायचं नव्हतं. दिवसभर मन ज्यात गुंतलेलं असतं तेच रात्री समोर येतं, वकिलाला खटला दिसतो, सेनापतीला लढाई, आणि यात देवांचा हात नाही, हे त्याला ठसवायचं होतं. फ्रेंच निबंधकार मोंतेन्यने सोळाव्या शतकात हाच शिकारी कुत्रा उचलला आणि माणसाचा अहंकार उतरवायला वापरला: केस नाहीत, हाडं नाहीत असा ससा कुत्रा झोपेत उभा करू शकतो, तर निराकार कल्पना करणं ही आपली एकट्याची मिरासदारी कशी? आपल्याकडे कुत्र्याची झोप आणखी वेगळ्या कामी आली. विद्यार्थ्याची पाच लक्षणं सांगणाऱ्या सुभाषितात श्वाननिद्रा आहे, पण तिथे कौतुक सावधपणाचं आहे, स्वप्नाची दखलही नाही.

ज्याला जे हवं ते प्रत्येकाने या कुत्र्याकडून वदवून घेतलं. म्हणूनच सतराव्या शतकात देकार्तने प्राण्यांना कळसूत्री यंत्रांच्या रांगेत बसवलं तेव्हा हलणारे पाय त्याच्या बाजूनेही सहज बोलले. यंत्राचा एखादा भाग बंद पडल्यावरही थोडा फिरतो, त्यात स्वप्न कुठून आलं? १८७१ साली डार्विनने ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये साक्ष पुन्हा उलटी फिरवली. कुत्रे, मांजरं, घोडे आणि पक्षीसुद्धा झोपेत हालचाली करतात, आवाज काढतात, म्हणजे त्यांना स्वप्नं पडतात, म्हणजे त्यांच्यात कल्पनाशक्ती मानायलाच हवी. डार्विन मला या मंडळींत सर्वांत जवळचा वाटतो, पण त्याचाही पुरावा ॲरिस्टॉटलच्याच थैलीतला आहे. १८९४ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉर्गनने दंडक घालून दिला की खालच्या पातळीच्या प्रक्रियेने उलगडा होत असेल तर प्राण्याच्या अंगी वरच्या पातळीची मानसिक शक्ती चिकटवू नये. त्या दंडकापुढे झोपेतलं भुंकणं टिकण्यासारखं नव्हतंच. याच सुमारास कुत्रा प्रयोगशाळेत शिरला, पण तिथे त्याच्या स्वप्नाची विचारपूस कुणी केली नाही. रशियात मारिया मनासेइनाने पिल्लांना मरेपर्यंत जागं ठेवून झोप अन्नाहूनही निकडीची असल्याचं दाखवलं. फ्रान्समध्ये लझांद्र आणि पिएराँ यांनी जागरणाने थकवलेल्या कुत्र्याच्या मेंदूभोवतीचा द्रव ताज्या कुत्र्याला टोचून त्याला झोपवलं. झोप हा विज्ञानाचा विषय झाला आणि स्वप्न कवींकडे राहिलं.

पाय हा कच्चा साक्षीदार का, हे कुत्रीच्या वेताजवळ बसून पाहिलं तर चटकन कळतं. चार दिवसांच्या पिल्लाचे डोळे उघडलेले नसतात, कान बंद असतात, त्याने आयुष्यात दूध आणि ऊब यांपलीकडे काही अनुभवलेलं नसतं. तरीही झोपेत सर्वांत जास्त तेच उडतं. हिसक्यांवर हिसके बसतात, सबंध वेत तव्यावरच्या लाह्यांसारखं फुटत असतं. पाय हलणं म्हणजेच स्वप्न असेल, तर सर्वांत जास्त स्वप्नं त्याला पडायला हवीत ज्याच्याकडे स्वप्नासाठी काहीच भांडवल नाही. अमेरिकेत मार्क ब्लमबर्ग यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांवर केलेल्या कामातून दिसतं की हे हिसके मेंदूच्या मुळाशी असलेल्या स्तंभातून निघतात आणि त्यांतून उलट मेंदूलाच कोणता पाय कुठे आहे याची खबर मिळते. अवयवांची ओळखपरेड चालू असते म्हणा ना. स्वप्नाशिवाय हिसके असू शकतात, एवढं यातून पक्कं होतं, आणि तेवीसशे वर्षांचा पुरावा तेवढ्यानेच खिळखिळा होतो.

मग तो सावरला कसा? १९५३ साली शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी माणसाच्या झोपेत बुबुळं वेगाने फिरण्याचे टप्पे नोंदवले आणि त्या टप्प्यात उठवलेली माणसं बहुधा स्वप्न सांगतात हे दाखवलं. १९५८ साली विल्यम डिमेंट यांना तोच टप्पा मांजरात सापडला. पण खरी कलाटणी मिळाली ती फ्रान्समधल्या लिऑं शहरात. मिशेल झूव्हे झोपलेल्या मांजरांच्या मानेच्या स्नायूंची विद्युत नोंद घेत होते. त्यांना दिसलं की याच टप्प्यात मेंदूची रेघ जागेपणीसारखी धावत असताना मानेचे स्नायू मात्र पार निपचित पडतात. मेंदू जागा आणि शरीर लुळं, म्हणून १९५९ पासून या झोपेला त्यांनी ‘विरोधाभासी झोप’ म्हटलं. स्तंभाच्या मध्यावरून निघालेला हुकूम मज्जारज्जूपर्यंत जातो आणि स्नायूंना चालवणाऱ्या पेशींना गप्प करतो. कधीमधी एखादा जोरकस संकेत त्या बंदोबस्तातून निसटतो आणि पंजा उडतो. म्हणजे ॲरिस्टॉटलला ऐकू आलं ते भुंकणं ही फक्त गळती होती, मूळ मजकूर दाराआड अडलेला होता.

तो मजकूर पाहण्यासाठी दारच काढावं लागलं. १९६५ साली झूव्हे आणि देलॉर्म यांनी स्नायूंना गप्प करणाऱ्या त्या भागाजवळ बारीक इजा केलेल्या मांजरांचं वर्णन प्रसिद्ध केलं. ही मांजरं नेहमीसारखी झोपत, आणि विरोधाभासी झोप लागली की मान वर उचलून उठत. समोर काही नसताना टक लावून बघत, दबा धरत, झडप घालत, फिस्कारत, पाठ कमानीसारखी करत. डोळ्यांसमोर काही धरलं तरी दखल घेत नसत, कारण ती झोपलेलीच असत. हे पाहून अस्वस्थ न होणारा वाचक मला विचित्र वाटेल. त्या काळच्या प्रयोगशाळांचे नियम आजच्यासारखे नव्हते. पण पुरावा म्हणून याची जात वेगळी आहे. हिसका निरर्थक असू शकतो, दबा धरणं निरर्थक असू शकत नाही. त्यात आधी आणि नंतर असतं, सावज असतं, अंतर असतं.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: हे मांजर झालं, कुत्र्याचं काय? कुत्र्यानेही साक्ष दिली, पण नेमकी उलट्या दिशेने. १९७० च्या दशकात स्टॅनफर्डला डिमेंट यांनी नार्कोलेप्सी, म्हणजे जागेपणीच अचानक झोप कोसळण्याचा विकार, झालेल्या कुत्र्यांचा कळप जमवला. त्यांत डॉबरमन होते, लॅब्राडॉर होते. अशा कुत्र्यापुढे आवडीचा खाऊ ठेवला की तो आनंदाने शेपटी हलवत पुढे येई, पहिला घास घेताघेता मागचे पाय दुमडत, मग पुढचे, आणि हनुवटी थेट भांड्याशेजारी टेकलेली. डोळे उघडे, शुद्ध शाबूत. झोपेतला बंदोबस्त भर जागेपणी लागू झालेला. १९९९ साली एमॅन्युएल मिन्यो यांच्या गटाने या डॉबरमन आणि लॅब्राडॉर कुत्र्यांतला दोष हायपोक्रेटिन या मेंदूतल्या रसायनाचा संदेश झेलणाऱ्या ग्राहीच्या जनुकात असल्याचं दाखवलं, आणि माणसांच्या नार्कोलेप्सीचं कोडं त्यातूनच सुटू लागलं. मांजराच्या अंगी असलेली व्यवस्था कुत्र्यातही आहे, हे कुत्र्याच्या पायांनी अखेर सिद्ध केलं, पण झोपेत हलून नव्हे, जागेपणी लुळे पडून.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. मांजराची ती झडप उपजत असू शकते. त्यात कालच्या दिवसाचं काही कशावरून? खुद्द झूव्हे याच बाजूला झुकले होते. ही झोप म्हणजे जातीच्या उपजत वर्तनाची रात्रीची तालीम, असं त्यांचं अनुमान होतं, आणि ते खरं धरलं तर ल्युक्रेशियस निकालात निघतो. त्याची बाजू सावरली उंदरांनी. २००१ साली एमआयटीत केनवे लुई आणि मॅथ्यू विल्सन यांनी वर्तुळाकार वाटेवर खाऊसाठी धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागातल्या पेशींची नोंद घेतली. वाटेच्या प्रत्येक टप्प्यावर ठरावीक पेशी चेततात. मग त्यांनी तेच उंदीर झोपल्यावरची नोंद तपासली. विरोधाभासी झोपेच्या चाळीसहून अधिक टप्प्यांपैकी जवळपास निम्म्यांत धावण्याचाच क्रम, जवळजवळ त्याच वेगाने, पुन्हा उमटलेला होता, इतका स्पष्ट की उंदीर त्या क्षणी ‘वाटेवर कुठे’ आहे ते सांगता येत होतं. देवांना बाजूला सारून दिवसाच्या धंद्याकडे बोट दाखवणाऱ्या कवीला याहून चांगला साक्षीदार मिळाला नसता.

उरतो तत्त्वज्ञांचा आक्षेप. झूव्हे लिऑंत रेघा मोजत होते त्याच १९५९ साली नॉर्मन माल्कम यांचं ‘ड्रीमिंग’ हे पुस्तक आलं. स्वप्न या कल्पनेचा सगळा आधार जागं झाल्यावर सांगितलेल्या हकिकतीत आहे, असा त्यांचा युक्तिवाद. जो सांगू शकत नाही त्याच्या स्वप्नाविषयी बोलायला मग आधारच राहत नाही. या तर्कात एक खोट आहे. सहा महिन्यांचं बाळही सांगू शकत नाही, आणि सकाळी स्वप्न साफ विसरलेला माणूसही नाही, तरी त्यांची झोप कोरी होती असं आपण मानत नाही. हकिकत हा पुराव्याचा एक प्रकार आहे, एकमेव नव्हे. मात्र उंदराच्या नोंदीतून वाट दिसते, ती वाट उंदराला ‘दिसत’ होती की नाही ते दिसत नाही, एवढं माल्कम यांच्या बाजूने मान्य करायला हवं. बुडापेस्टच्या एटव्होश लोराँड विद्यापीठात अलीकडे पाळीव कुत्र्यांच्या डोक्याला नुसते तारांचे चिकटपट्टे लावून, मालकाशेजारी झोपवून, मेंदूची रेघ घेतात. नवी आज्ञा शिकवल्यानंतरच्या झोपेत ती रेघ बदलते, एवढं तिथे दिसलं आहे. कुत्र्याने झोपेत काय पाहिलं, हे ती रेघ सांगत नाही.

आणि दार मुळातच सैल असलेले कुत्रे आहेतच, त्यांना इजा करावी लागत नाही. झोपेत उठून भिंतीवर आदळणारे, गादी फाडणारे, शेजारच्याला चावणारे कुत्रे आकडीचे रुग्ण समजले जात. २०११ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी अशा १४ कुत्र्यांची माहिती एकत्र मांडली तेव्हा हा झूव्हेंच्या मांजरांचाच निसर्गनिर्मित अवतार असावा असं दिसलं. माणसांत याच दोषाचं वर्णन शेंक आणि माहोवाल्ड यांनी १९८६ साली केलं होतं. पुढे २०१८ साली ब्रिटनमधल्या पशुवैद्यांनी धनुर्वातातून बऱ्या होणाऱ्या कुत्र्यांची पाहणी केली, तर जवळपास निम्मे कुत्रे झोपेत धावू-भुंकू लागलेले आढळले. धनुर्वाताचं विष मज्जारज्जूत ग्लायसिन आणि गाबा ही दोन रसायनं अडवतं, आणि झोपेत पाय बांधून ठेवण्याचं कामही हीच दोन रसायनं करतात.