ओटीवरची हंडी आणि हातातली काच



परवा मुरुडच्या आमच्या जुन्या घरी माळा आवरताना पेंढ्यात गुंडाळलेली एक हंडी सापडली. निळी काच, तीन पितळी साखळ्या. सासूबाई लगेच म्हणाल्या, "जपून गं! तिला तडा गेला असता तर आजेसासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं."

एवढा जीव का? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशी शोभेची काच बहुतेक युरोपातून येई, बोहेमियातून, बेल्जियममधून. आपल्याकडे तळेगावचा पैसा फंड काच कारखाना निघाला 1908 साली, ओगल्यांचा 1916 साली. कोकणात माल मुंबईहून समुद्रमार्गे यायचा, आपल्याला जवळचं बंदर हर्णै. ओटीवर हंडी टांगली म्हणजे घरात पैसा खेळतो, हे आल्यागेल्याला न सांगता कळे. लग्नकार्यात शेजारी ती मागून नेत. हंडीत पेला ठेवायचा, पेल्यात पाणी, वर खोबरेल तेल आणि वात.

आपल्या दृष्टीने तिचा आणखी एक गुण. उघड्या ज्योतीवर किडे-पाखरं झेपावतात. काचेच्या आडोशाने ते वाचतात. म्हणून मंदिरातही दिवा काचेत ठेवतात. श्रीमंतीची वस्तू जीवदयेच्याही कामी आली.

पण त्याच घरात आणखी एक काच होती, बायकांच्या हातात. आजेसासूबाई ऐन तिशीत विधवा झाल्या आणि त्यांच्या बांगड्या फोडल्या गेल्या. ओटीवरची हंडी मात्र पेंढ्यात जपून ठेवली गेली. दोन्ही काचाच, आणि दोन्ही घराची प्रतिष्ठा सांगणाऱ्या!

हे मुरुड म्हणजे धोंडो केशव कर्व्यांचंही गाव. 11 मार्च 1893 रोजी त्यांनी पुण्यात गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. या लग्नापायी गावाने कर्व्यांना वाळीत टाकलं. 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी संस्था काढली. त्याच माणसाला 1958 साली भारतरत्न मिळालं.

"ते ब्राह्मणांचं, आपल्यात तसं नव्हतं," असं म्हणायची सोय आपल्याला नाही. शेठ माणिकचंद हिराचंद यांची कन्या मगनबाई स्वतः विधवा होत्या. त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभारला, तो आपल्याच लेकीसुनांची दशा पाहून. चतुर्विध संघात श्राविका आहे. सधवा श्राविका आणि विधवा श्राविका असे दोन भाग भगवंतांनी केलेले नाहीत. ते आपण केले.

आमच्या आत्यासासूबाई तीन वर्षांपूर्वी एकट्या झाल्या. तेव्हापासून मंगल कार्यात त्या आपणहून मागच्या खोलीत बसतात. कुणी बसवत नाही आणि कुणी पुढे बोलावतही नाही. मीही बोलावलं नव्हतं.

हंडी मी चिंचेने साखळ्या घासून लख्ख केली आहे. या दिवाळीला, महावीर निर्वाणाच्या पहाटे, ती ओटीवर टांगायची. वात आत्याबाई लावतील. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मी कशाला?" मी म्हटलं, "तुम्हीच." यावर त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहते तर कापूस घेऊन वाती वळत बसल्या होत्या.